पशुपालकांचे प्रश्न : चारा बदलतो तेव्हा

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. एक शेळीचे, एक म्हशीचे आणि एक कडब्याचे असले, तरी तिन्ही तक्रारींचे मूळ गव्हाणीत आहे. जनावर काय खाते याकडे आपले लक्ष असते; ते कालपर्यंत काय खात होते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे वीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन बांधावर हिरवळ आली की दरवर्षी काही करडे एकाएकी मरतात. आदल्या संध्याकाळी उड्या मारणारे करडू सकाळी मेलेले आढळते, आणि मरतात तीही कळपातील सर्वांत धष्टपुष्ट. घरातील मंडळी दृष्ट लागल्याचे म्हणतात. काय करावे?
— एक शेळीपालक, मोहोळ तालुका

उत्तर : धष्टपुष्ट करडेच मरतात, या आपल्या एका निरीक्षणामुळे आंत्रविषाराचा दाट संशय येतो. या रोगाचे जिवाणू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतातच आणि एरवी त्रास देत नाहीत. उन्हाळाभर कडबा, बाभळीच्या शेंगा आणि झाडपाला यांवर राहिलेल्या कळपाला एका दिवसात कोवळे, पाणीदार गवत भरपूर मिळाले, किंवा करडांनी धान्याच्या पोत्यात तोंड घातले, की न पचलेला भाग आतड्यात उतरतो, त्यावर हे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष रक्तात भिनते. जे करडू सर्वांत अधाशीपणे चरते किंवा भरपूर दुधाच्या शेळीला एकटेच पिते, ते आधी सापडते. काही करडांत पोटदुखी, तोल जाणे, मान पाठीकडे ओढली जाणे, पडून पाय झाडणे ही लक्षणे दिसतात, पण उपचाराला पुरेसा वेळ बहुधा मिळत नाही. म्हणून या रोगात औषधापेक्षा लसीवरच भिस्त ठेवावी लागते.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, संपूर्ण कळपाला द्यावी. ज्यांना ती पहिल्यांदाच दिली जात आहे त्यांना 15 ते 21 दिवसांनी दुसरी मात्रा द्यावीच लागते, आणि अनेकांच्या कळपात नेमकी हीच राहून जाते. गाभण शेळीला विण्यापूर्वी साधारण महिनाभर आधी लस दिल्यास चिकातून करडांना सुरुवातीचे संरक्षण मिळते. अर्थात त्यासाठी करडाला जन्मल्यापासून तासाभरात चीक पाजला गेला पाहिजे. लसीच्या आठवडाभर आधी जंतनाशक देऊन घ्यावे.

चारण्याची पद्धतही बदलावी लागेल. पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे कळप उपाशीपोटी बाहेर सोडू नये. सकाळी गव्हाणीत कडब्याची कुट्टी टाकावी, शेळ्या ती निवांत खाऊन बाजूला झाल्या आणि बाहेरील गवतावरचे दव उतरले, की मगच सोडाव्यात. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडे वाढवत जावे. ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या वर चढलेल्या असतात, त्यामुळे उशिरा सोडण्याचा लाभ दुहेरी आहे. करडाच्या गळ्यात काळा दोरा बांधण्यास आमची हरकत नाही. लस मात्र त्याआधी टोचून घ्यावी.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर तो काळपुळीचा प्रकार असू शकतो आणि तो माणसालाही होतो. असे जनावर फाडू नये, त्याचे कातडे काढू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे आणि त्यांच्या सांगण्यानुसार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. असे रक्त नसेल तर मेलेले करडू लगेच पुरून न टाकता त्याचे शवविच्छेदन करून घ्यावे, म्हणजे निदान पक्के होईल.

प्रश्न : साखर कारखाने सुरू झाले की आमच्याकडे उसाचे वाढे, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, सहज मिळते. माझ्या दोन पंढरपुरी म्हशींना हिवाळाभर तेच घालतो. दूध कमी झाले आहे आणि एक म्हैस व्यायल्यापासून पाच महिने माजावर आलेली नाही. वाढ्याचा दोष आहे का?
— एक दूध उत्पादक, माळशिरस तालुका

उत्तर : वाढे घालण्यात दोष नाही, केवळ वाढ्यावर म्हैस ठेवण्यात आहे. वाढ्यात ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असते आणि ते चाऱ्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे पोट भरलेले दिसूनही शरीराला कॅल्शियम कमी पडते. त्यात प्रथिनेही बेताचीच असतात. दुभत्या म्हशीच्या शरीरातून रोज दुधावाटे कॅल्शियम जातच असते. तूट वाढत गेली की दूध उतरते, अंग ओढते आणि माज लांबतो.

वाढे एकूण वैरणीचा एक भागच असावे. त्याची कुट्टी करून ती कडब्याच्या कुट्टीत मिसळावी आणि सोबत लसूणघास, चवळी किंवा शेवरीसारखा द्विदल चारा थोडा तरी असावा. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या खुराकातून, द्यावे. हा बदलही आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

माजाच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासावी. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. ती हंबरत नाही, आणि लक्षणे रात्री किंवा पहाटे दिसून मावळतात. पहाटे धार काढण्यापूर्वी बसलेल्या म्हशीच्या मागे जमिनीवर काचेसारखा पारदर्शक, तार धरणारा सोट पडला आहे का, ते विजेरी घेऊन पाहावे. दिसल्यास ती तारीख गोठ्यातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्याच संध्याकाळी कृत्रिम रेतनाची व्यवस्था करावी. काहीच आढळले नाही, तर पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : काढलेला ज्वारीचा कडबा रानात पडलेला असताना अवकाळी पाऊस झाला. काही पेंड्या काळ्या पडल्या. त्यांवर युरियाची प्रक्रिया करून त्या घालता येतील का? त्याच पावसाने धसकटांना हिरवे फुटवे आले आहेत, त्यांत जनावरे सोडावीत का?
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : बुरशी लागलेल्या कडब्यावर युरियाची प्रक्रिया करू नये. प्रक्रियेने निकस चाऱ्याचा कस वाढतो, बुरशीचे विष जात नाही. काळ्या, कुबट वासाच्या पेंड्या वेगळ्या काढून खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. भावाचा विचार करता जीवावर येते, हे आम्ही जाणतो; तरी गाभण जनावरापुढे त्या टाकणे अधिक महागात पडेल. केवळ रंग उडालेला, पण कोरडा आणि बिनवासाचा कडबा असेल तर प्रक्रिया जरूर करावी. 100 किलो कुट्टीसाठी 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर दाबावेत आणि ढीग प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी उग्र वास जाईपर्यंत कुट्टी पसरून ठेवावी. सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये, आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडी लागणार नाही अशी खबरदारी घ्यावी.

फुटव्यांत मात्र जनावरे अजिबात सोडू नयेत. ज्वारीच्या कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. ते खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेलाच आपल्याकडे किराळ लागणे म्हणतात. भुकेले जनावर असे फुटवे भराभर खाऊन काही मिनिटांतच धापा टाकू लागते, थरथरते, तोंडाला फेस येतो आणि कोसळते. यावर शिरेतून द्यायचे औषध उपलब्ध आहे, परंतु ते वेळेत पोहोचले तरच उपयोगी पडते; म्हणून घरगुती उपचारांत वेळ न घालवता जवळच्या दवाखान्यात किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. ते फुटवे नांगरून टाकावेत, आणि नांगरट होईपर्यंत त्या बाजूची जनावरे दाव्याला बांधूनच ठेवावीत.