खटला संपला आहे, तरीही ‘होय’ लिहावे

सप्रेम नमस्कार,

आपल्या कन्येची राज्याच्या विद्युत नियामक आयोगातील अभियंता पदासाठी निवड झाली असून रुजू होण्यापूर्वी तिला चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून द्यायचा आहे, असे आपण कळवले आहे. महाविद्यालयात असताना, विसाव्या वर्षी, शुल्कवाढीविरुद्धच्या मोर्चात मनाई आदेश मोडल्याबद्दल इतर विद्यार्थ्यांबरोबर तिच्यावरही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 135 खाली गुन्हा नोंदला गेला आणि पुढे न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. ‘सुटली ना, मग “नाही” लिहून मोकळी हो’ हा नातेवाइकांचा सल्ला मानावा का, असा आपला प्रश्न आहे.

मानू नये. ‘न्यायालयाने आपणास कधी दोषी ठरवले आहे काय’ या प्रश्नाला तिचे ‘नाही’ हे उत्तर खरेच आहे. परंतु लगतच्या रकान्यात ‘आपणावर कधी खटला चालला आहे काय’ असे विचारलेले असेल, तर तेथे ‘होय’ हेच लिहावे लागेल, कारण निर्दोष सुटल्याने खटला चाललाच नव्हता असे होत नाही. पुष्कळ उमेदवार इथेच अडकतात, आणि तेही लबाडीने नव्हे, तर सगळ्या रकान्यांत एका ओघात ‘नाही, नाही’ लिहीत गेल्याने.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2016 मध्ये या विषयाची सूत्रे घालून दिली. जे नेमकेपणाने विचारलेलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून उमेदवाराला दोष देता येत नाही. तरुण वयात घोषणा देण्यासारखे क्षुल्लक प्रकरण लपवले गेले, तर नियुक्ती प्राधिकारी तिकडे दुर्लक्ष करू शकतो. नातेवाइकांची भिस्त बहुधा यावरच असावी. पण ही सवलत देणे न देणे प्राधिकाऱ्याच्या हाती आहे, ती उमेदवाराला हक्काने मागता येत नाही. खरे सांगितल्यावरही पूर्वचारित्र्य विचारात घेण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो, म्हणून मी हमी देत नाही. तरीही मोर्चातील मनाईभंग आणि फसवणूक किंवा लाचखोरी यांना कोणी एकाच पारड्यात टाकत नाही.

शिवाय ही जागा कोणती, हेही पाहा. वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढील कामकाज विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 95 नुसार न्यायिक कार्यवाही मानले जाते, आणि वीज कंपन्यांचे हिशेब व शपथपत्रे तपासण्याचे काम तेथील कर्मचाऱ्यांकडे असते. तेथे येणाऱ्या व्यक्तीने स्वतःविषयीच्या पहिल्याच कागदावर खोटे लिहिले, तर ते त्या जुन्या मोर्चापेक्षा कितीतरी गंभीर ठरेल.

निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून लगेच मागवावी. रकान्यात जागा पुरत नाही, म्हणून स्वतंत्र जोडपत्रावर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलम, न्यायालय, खटला क्रमांक आणि निकालाची तारीख एवढेच लिहावे. समर्थन नको, खेदही नको. मागील वास्तव्याच्या रकान्यातून वसतिगृहाचा पत्ता गाळण्याचा मोह टाळावा. नमुना दिल्यानंतर सरकार पक्षाने अपील केल्याचे कळले, तर तेही लेखी कळवावे आणि प्रत्येक कागदाची पोच घेतलेली प्रत तिने स्वतःजवळ ठेवावी.