शंका-समाधान : माडावर चढायच्या यंत्राचे नट-बोल्ट

प्रश्न : दोन पायांसाठी दोन वेगळे सांगाडे आणि खोडाभोवती वायर रोपचा फास, अशा प्रकारचे यंत्र आमच्याकडे आहे. हलत्या जोडांवरचे नट सारखे ढिले होतात. स्प्रिंग वायसर घालूनही फरक पडला नाही. नट वेल्ड करून टाकावेत का? रोपही बदलायची आहे.
– एक बागायतदार, वेंगुर्ले

उत्तर : वेल्डिंग मुळीच करू नका. उष्णतेने जस्ताचा थर जळतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय पुढे बोल्ट काढून तपासताही येत नाही.

स्प्रिंग वायसर नट घट्ट आवळलेला असेल तरच काम करतो. हलता जोड आवळून चालत नाही, म्हणून तिथे त्याचा उपयोग होत नाही. अशा जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा) लावा. बसवल्यावर बोल्टचे दोन-तीन आटे नटाबाहेर दिसले पाहिजेत. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा वापरू नका. नवा काही रुपयांत मिळतो. बोल्ट मूळ जाडीचाच घ्या, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) कोरलेला. आटे पूर्ण लांबीभर असलेला बोल्ट टाळा, कारण पट्ट्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे आट्याच्या खाचेतूनच तो तुटतो. तिथे गुळगुळीत भागच यायला हवा. मोठा बोल्ट बसावा म्हणून भोक वाढवले तर पट्टी कमजोर होते.

रोप मूळच्याच जाडीची घ्या. फास यू-क्लॅम्पने (यू आकाराचा बोल्ट, खाली खाचेची बैठक आणि दोन नट) बांधलेला असेल तर ६ मिमी रोपला किमान तीन क्लॅम्प लावा, साधारण ४ सेंमी अंतराने. इथली चूक फार जणांकडून होते : क्लॅम्पची बैठक भार घेणाऱ्या लांब रोपवर यायला हवी आणि वाकडा यू मोकळ्या टोकावर. उलट बसवला तर यू भाराच्याच तारा चेपतो. नवी रोप भाराखाली थोडी दबते, म्हणून जमिनीपासून हातभर उंचीवर यंत्रावर उभे राहून भार द्या, उतरा आणि क्लॅम्पचे नट पुन्हा आवळा. तुटलेली तार किंवा आतून गंज दिसला की रोप बाद.

एवढे करूनही जीव यंत्रावर सोपवू नका. पूर्ण अंगाचा हार्नेस (खांदे, छाती आणि मांड्यांना बांधायचे सुरक्षा-पट्टे) घाला आणि त्याचा पट्टा यंत्राला न अडकवता खोडाभोवती वेगळा घ्या. हूक लॉक असलेला, वजनक्षमता कोरलेला हवा. किल्ल्या अडकवायचा नव्हे. शेवाळलेल्या, ओल्या माडावर पावसाळ्यात चढूच नका.