ठिगळ, दांड की उतरंड? ‘पॅचसेट’ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आला आहे: “टीमसाठी मराठीत कामाची टिपणं लिहितो आहे. ‘आम्ही शेअर्ड पॅचसेट व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवतो’ याचं मी ‘आम्ही सामायिक ठिगळसंच आवृत्ती-नियंत्रणात ठेवतो’ असं केलं, तर सगळे हसले. काय चुकलं? शिवाय पॅच लावतात की मारतात? आणि अनेकवचन पॅच की पॅचेस?”

आधी शब्दांची ओळख: पॅच म्हणजे प्रोग्रॅममध्ये करायचा बदल सांगणारी छोटी फाइल, पॅचसेट म्हणजे एकावर एक लावायच्या अशा पॅचांचा गट, आणि व्हर्जन कंट्रोल म्हणजे बदलांचा इतिहास साठवणारी व्यवस्था. लोक हसले ते ‘ठिगळ’ला. माझ्या मते त्या वाक्यातला खरा चुकलेला शब्द ‘संच’ आहे, पण आधी ठिगळाचं बघू.

अर्थाच्या अंगाने ठिगळ अगदीच परकं नाही. पॅच हा शब्द संगणकात आला तो खरोखरच्या चिकटपट्टीतून. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रं पाडून लिहिले जात, तेव्हा चुकीचं छिद्र पडलं की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. १९४४च्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राच्या पट्टीवरचे असे काळे तुकडे फोटोत स्पष्ट दिसतात. हे शंभर टक्के ठिगळ. पण चूक मोठी असेल तर पट्टीचा तेवढा भाग कापून काढत आणि दुरुस्त तुकडा मध्ये जोडत. याला ठिगळ कसं म्हणणार? ठिगळ भोकावर बसतं, खालचं फाटकं कापड तिथेच राहतं.

या दुसऱ्या कामाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि तो विसरला जातो आहे: दांड, काही भागांत दंड. लुगडं मधेच विरलं की विरलेला पट्टा कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, म्हणजे दांड घालायचा. आजचा सॉफ्टवेअरचा पॅच हा जवळजवळ नेहमीच दांड असतो. वजा चिन्हाच्या ओळी काढल्या, अधिक चिन्हाच्या ओळी घातल्या, वरखाली तीन-तीन ओळी ओळखीपुरत्या ठेवल्या. लॅरी वॉलने १९८५मध्ये ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तोही हेच करतो: ओळखीच्या ओळी शोधतो, जुनं काढतो, नवं बसवतो. जागा थोडी सरकली असेल तरी पत्ता काढतो.

तरीही टिपणात ‘दांड’ लिहा असं मी म्हणणार नाही. तुमच्या टीममधल्या किती जणांनी दांड घातलेलं लुगडं पाहिलं असेल? शब्द शास्त्रशुद्ध असून चालत नाही, तो समोरच्याच्या तोंडात बसावा लागतो. ‘ठिगळ’ तर सोडाच, कारण त्याला हलाखीचा वास आहे. आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपण म्हणतो. त्या शब्दात कामाची हार आधीच धरलेली असते. कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, सुरक्षेची भेग नीट अभ्यास करून बुजवणाऱ्याला ‘तुमचं ठिगळ मिळालं’ असं कळवून बघा. कुणी खरंच धकवाधकवी केली असेल तेव्हा मात्र ‘हे नुसतं ठिगळ आहे’ याला तोड नाही. तेवढ्यासाठी तो राखून ठेवावा. एरवी ‘पॅच’ मराठीच आहे आता. पंक्चरवाला तो लावतो आणि पावसाळा संपला की रस्त्यांच्या पॅचवर्कच्या बातम्या येतातच.

आता ‘संच’. संचात क्रमाला किंमत नसते. भांड्यांचा संच, पुस्तकांचा संच, कुठूनही एक उचला. पॅचसेटचं तसं नाही. सातवा पॅच सहाव्याने तयार केलेल्या जमिनीवर उभा असतो. सहावा काढलात तर सातव्याला त्याच्या ओळखीच्या ओळी सापडत नाहीत आणि तो नाकारला जातो. अशा रचनेला मराठीत नेमका शब्द आहे: उतरंड. मडक्यांची उतरंड. खालच्या मडक्यातली डाळ हवी तर वरची मडकी एकेक करून उतरवायची, डाळ काढायची, पुन्हा त्याच क्रमाने रचायची.

हे काम करणाऱ्या एका हत्याराचं नाव गंमतशीर आहे: क्विल्ट, म्हणजे गोधडी, वाकळ. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर काम करणारा अँड्र्यू मॉर्टन शेकडो पॅच एकाच वेळी सांभाळायचा आणि त्यासाठी त्याने स्वतःपुरत्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. त्यांच्या आधारे आंद्रेआस ग्रुएनबाखरने क्विल्ट बांधलं. तुकडे तुकडे जोडून पांघरूण, म्हणून गोधडी. नाव गोड आहे, पण उपमा मला पटत नाही. गोधडीतला एक तुकडा बदलायला बाकीची गोधडी उसवावी लागत नाही, आणि क्विल्टमध्ये नेमकं तेच करावं लागतं. ‘सिरीज’ नावाच्या साध्या फाइलीत पॅचांची नावं क्रमाने असतात. ‘पुश’ म्हटलं की पुढचा पॅच चढतो, ‘पॉप’ म्हटलं की सगळ्यात वरचा उतरतो. एका सर्किट बोर्डासाठी आम्ही कर्नलवर ऐंशीच्या आसपास पॅच वाहत होतो. त्यातल्या सातव्यात एक अक्षर बदलायचं तर त्र्याहत्तर उतरवा, बदल करा, ‘रिफ्रेश’ने तो सातव्यात मुरवा, त्र्याहत्तर परत चढवा. चढवताना एकविसावा रुसणार, चाळिसावा रुसणार. गोधडी कधी अशी रुसते का? मडकी रुसतात.

म्हणून क्रियापदं आपलीच वापरा: पॅच चढवणे, उतरवणे, उतरंड रचणे. ‘पॉप’साठी ‘उसवणे’सुद्धा छान आहे. ‘वरचे तीन उसव आणि बघ’ हे मी तोंडी ऐकलंय, आणि ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागलं नव्हतं.

‘सामायिक’कडे वळू. हा शब्द संस्कृत वळणाचा, जैन परंपरेत तो उपासनेचा एक प्रकार. मालकीच्या अर्थाने बोलीत आणि कागदपत्रांत चालतो तो ‘सामाईक’: सामाईक विहीर, सामाईक बांध, आणि आता सामाईक प्रवेश परीक्षाही. तुमच्या वाक्यात सामाईकच हवा, कारण त्यात भांडणाची शक्यताही ऐकू येते. बांध सामाईक असला की कुणीतरी तो कोरतो. पॅचांचंही तसंच. दोघांचे बदल वेगळे, पण ओळखीच्या तीन ओळी एकच. एकाने त्या हलवल्या की दुसऱ्याचा पॅच बसत नाही.

‘व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवतो’ म्हणजे नक्की काय ठेवता, हेही वाक्यात स्पष्ट हवं. इथे दोन अगदी वेगळ्या रीती आहेत आणि एकाच मराठी वाक्यात त्या झाकून जातात.

पहिल्या रीतीत पॅच म्हणजे गिट या व्हर्जन कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीच. त्यांची एक शाखा, आणि मूळ पुढे सरकलं की ‘रिबेस’ करून ती शाखा नव्या मुळावर पुन्हा रचायची. एकटा माणूस असेल तर झकास. पण शाखा सामाईक असेल तर रिबेस म्हणजे इतिहास नव्याने लिहिणं. सहकाऱ्याच्या संगणकावर जुना इतिहास तसाच असतो आणि सकाळी त्याला आपलं काम अधांतरी दिसतं. बांध कोरणं ते हेच.

दुसऱ्या रीतीत पॅचच्या फाइली आणि सिरीजची यादी हाच मजकूर, आणि तो रिपॉझिटरीत, म्हणजे व्हर्जन कंट्रोलच्या कोठारात. गिटसारख्याच मर्क्युरिअल या सॉफ्टवेअरमध्ये क्रिस मेसनने लिहिलेलं ‘क्यूज’ नावाचं जोडकाम होतं. त्यात पॅचांच्या फोल्डरचीच वेगळी रिपॉझिटरी करता यायची. लिनक्सच्या स्थिर आवृत्त्यांची रांग आजही अशी चालते: ग्रेग क्रोआ-हार्टमनच्या रिपॉझिटरीत प्रत्येक आवृत्तीचं एक फोल्डर, त्यात पॅच आणि सिरीजची फाइल. एखादा पॅच खोडी करतो असं कळलं की तो यादीतून काढतात, आणि कधी काढला याची नोंद कायम राहते. इथे इतिहास पुसला जात नाही, उलट पॅचचाही इतिहास साठतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणाचं तेच: ‘३.० क्विल्ट’ या स्वरूपात मूळ सॉफ्टवेअर अस्पर्श ठेवायचं आणि आपले बदल पॅचांच्या फोल्डरात. प्रत्येक पॅचच्या कपाळावर माहिती लिहायची पद्धत आहे: कशासाठी, कुणाचा, उगमाकडे पाठवला का. ‘अपस्ट्रीम’ला, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांकडे, याला मी ‘उगमाकडे’ म्हणतो. ‘वरच्या अंगाला’ जास्त रांगडं आणि मला जास्त आवडतं, पण शहरी वाचकाला ते वरिष्ठांकडे गेल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या रीतीला एक खोड आहे. पॅचची फाइल बदलली की त्या बदलाचाही डिफ (बदललेल्या ओळींची यादी) निघतो, म्हणजे फरकाचा फरक. ओळीच्या सुरुवातीला दोन-दोन चिन्हं: अधिक-वजा, वजा-वजा. ‘काढून टाकणारी ओळ काढून टाकली’ हे वाचताना माणूस थबकतो. त्यात क्विल्ट पॅचमध्ये वेळेची नोंद घालतं, त्यामुळे काहीही न बदलता रिफ्रेश केलं तरी फरक दिसतो. ही नोंद गाळायची सोय आहे आणि सामाईक उतरंड असेल तर ती सगळ्यांनी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. आम्ही ती उशिरा लावली. तोवर समीक्षेला येणाऱ्या बदलांत निम्म्या ओळी नुसत्या तारखा असत. गिटवाल्यांसाठी २०१८च्या २.१९ आवृत्तीत ‘रेंज-डिफ’ आलं, ते दोन उतरंडी शेजारी ठेवून कोणता पॅच कुठे बदलला ते दाखवतं. तिथेही दुहेरी चिन्हं आहेतच, पण निदान रंगवलेली.

मोठी उतरंड किती काळ वाहावी लागते याचा नमुना म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद देणारं, करणारे पॅच. सुमारे वीस वर्षं ते मुळाच्या बाहेर राहिले. दर आवृत्तीला पुन्हा रचायचे, त्यातले काही उगमाकडे स्वीकारले जायचे, उतरंड तेवढी बुटकी व्हायची. शेवटचा कळीचा भाग सप्टेंबर २०२४मध्ये ६.१२साठी आत गेला.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: “आमच्या पॅचांची उतरंड सामाईक आहे, पॅचच्या फाइली आणि त्यांचा क्रम आम्ही गिटमध्ये ठेवतो.” ‘आवृत्ती-नियंत्रण’ चूक नाही, पण वाचणारा रोज गिट उघडतो, त्याला गिटच म्हणा.

लावणे आणि मारणे दोन्ही चालतात, मात्र अर्थ एक नाही. रंग मारतात, शिक्का मारतात, डांबर मारतात. मारण्यात झटपटपणा आहे, थोडी बेफिकिरीही. “रात्री सर्व्हरवर पॅच मारला” यात घाई ऐकू येते, आणि बहुधा ती खरी असते. लिखित टिपणात ‘लावला’, आणि उतरंडीबद्दल बोलत असाल तर ‘चढवला’.

पॅच पुल्लिंगी: तो पॅच, दोन पॅच. ‘पॅचेस’ टाळा, इंग्रजी शब्द घेतला म्हणून त्याचं व्याकरणही घ्यायला नको. अनेकवचनी सामान्यरूप सगळे जण सहज करतात: पॅचांना, पॅचांची. एकवचनात अजून ‘पॅचला’च म्हणतात, ‘पॅचाला’ कुणी म्हणत नाही. ‘कपात चहा’ म्हणताना कपाचं सामान्यरूप आपोआप होतं, कारण कप जुना झाला आहे. पॅच अजून तेवढा मुरलेला नाही, तेव्हा ‘पॅचला’ लिहा आणि ‘पॅचांना’ही लिहा. विसंगत दिसलं तरी लोक असंच बोलतात.