छोटे मच्छीमार शाश्वत मासेमारीकडे का वळत नाहीत, त्यांना कसं शिकवायचं?

शिकवायचं? कोणी कोणाला? मी मूळचा पालघरजवळच्या सातपाटी कोळीवाड्याचा, आता कोथरूडला असतो. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, ही आमची रीत कुठल्याही सरकारी बंदीच्या आधीची. 2024 ला पावसाळी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै होती, ती 15 ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी पारंपरिक मच्छीमारच करत आलेत.

मागे मामा पुण्याला आला होता तेव्हा साडू आम्हाला एका हॉटेलात घेऊन गेले, थाळीत प्रत्येकाला आख्खं पापलेट, म्हणजे तळहाताएवढं पिल्लू. मामाने त्यावर हात ठेवला, बोटं बाहेर उरली. म्हणाला, "भाचा, ह्याने अजून अंडी पण टाकली नसतील रे." तर साडू म्हणतात, "पकडता तर तुम्हीच ना, समुद्र तुम्ही कोळ्यांनीच संपवला." मामा पाहुणा म्हणून गप्प बसला, मी बसलो नाही, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

पापलेटच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठा असला की पिल्लू निसटून जातं, मोठं तेवढं अडकतं, आणि मोठ्याला किलोमागे भाव पण जास्त. मग कोळी मुद्दाम पिल्लं कशाला मारेल? ट्रॉलर तळ खरवडत जातो त्याला लहानमोठं सगळं सारखंच. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या जाळ्यावर, राज्यात 2016 ला निर्बंध आले, एलईडी लाइट लावून मासेमारीला केंद्राने 2017 ला बंदी घातली, तरी रात्री समुद्रात लाइट दिसतातच. 2023 ला सरकारने 54 जातींची किमान लांबी ठरवली, पापलेट 135 मिलीमीटर, सुरमई 370. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पण थाळीतला मासा मोजायला कोण येतं?

आता आमच्यातले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. मासा कमी झाला तसा काहींनी आस बारीक केला, आणि बोंबलाच्या डोलीत, म्हणजे पाण्याच्या ओढीत लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, पिल्लं पहिल्यापासून येतातच. तिथे आस वाढवायलाच हवा, पण नवीन जाळ्याला पैसे लागतात, त्याला सबसिडी द्या, गावातली मच्छीमार सोसायटी बाकीचं बघेल. आणि तुम्ही पुण्यात असाल तर पिल्लू वाढणाऱ्या हॉटेलात तिथल्या तिथे मालकाला बोलवा आणि ताट परत करा. साडूंना हेच सांगतोय, त्या दिवशी पैसे तुम्ही दिलेत, ऑर्डर पण तुमचीच होती.