वहिनीला प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यात अडीच तास लागले, बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का? (इंदूर)

पहिलटकरीण असेल तर अडीच तास ऐकून घाबरू नका. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंमी उघडल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा हा टप्पा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार पहिल्या खेपेला तो बहुधा ३ तासांत, पुढच्या खेपांना २ तासांत आटोपतो.

घड्याळापेक्षा बाळाचे ठोके महत्त्वाचे. प्रत्येक कळेला वारेतला रक्तपुरवठा कमी होतो आणि दोन कळांमधल्या उसंतीत बाळ ती तूट भरून काढतं. टप्पा फार लांबला, त्यात कळा एकीला लागून एक येऊ लागल्या, तर ही उसंतच मिळत नाही. मग ऑक्सिजन कमी पडणं, जन्मतः अपगार गुण (श्वास, ठोके, रंग वगैरे बघून बाळाला १० पैकी दिलेले गुण) कमी येणं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागणं, जंतुसंसर्ग, असे धोके वाढतात. ठोके नीट असतील, तर मोठी इजा क्वचितच होते.

तुमचं बाळ लगेच रडलं आणि ५ मिनिटांचा अपगार ७ किंवा जास्त होता, तर चिंता बरीच कमी. डिस्चार्ज कार्डावर बघा, लिहिलेला असतो.

डोकं लांबट, वर मऊ सूज? ती दोन-तीन दिवसांत उतरते. एकाच बाजूला घट्ट गाठ असेल तर आठवडे लागतात, आणि त्यातून कावीळ वाढू शकते. आपल्या इंदुरी घरांत मालिशवाल्या बाई डोकं ‘गोल’ करायला बसतात. वहिनींना सांगा, त्या गाठीला हात लावू देऊ नका.

बाळ दूध ओढत नसेल, लुळं वाटत असेल, झटके आले किंवा पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तर त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.