जादूच्या चिमुकल्या दुकानाची मांडणी आणि प्रकाशयोजना

आपण १:१२ हे प्रमाण निवडले आहे, म्हणजे खऱ्या दुकानातील एक फूट येथे एक इंच होतो. त्यामुळे सहा इंची काढ्याची बाटली अर्ध्या इंचाहून मोठी दिसता कामा नये. नाशिकच्या भांडी बाजारात भातुकलीची पितळी भांडी मिळतात आणि त्यांतील पातेले जादूच्या कढईसाठी उत्तम शोभते, मात्र पट्टी सोबत नेऊन मोजल्याशिवाय ते घेऊ नये.

प्रकाशाचा विचार फर्निचरच्या आधी करावा, कारण भिंतीला कागद चिकटवल्यावर तारा लपवणे जवळजवळ अशक्य होते. पाच व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर पांढरे एलईडी लावताना प्रत्येकाला स्वतंत्र २२० ओमचा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा भाग, जोडावा. एलईडीवर साधारण तीन व्होल्ट खर्च होतात आणि उरलेल्या दोन व्होल्टांमुळे सुमारे नऊ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, जो इतक्या लहान खोलीला पुरेसा आहे. अनेक दिव्यांत एकच रेझिस्टर वाटून घेण्याची काटकसर करू नये, कारण मग एक दिवा झगझगतो आणि दुसरा मलूल राहतो.

दिव्यांच्या प्रकाशाचा रंग पिवळसर पांढरा, म्हणजे २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) निवडावा. हिरवा दिवा फक्त कढईच्या तळाशी, पारदर्शक रेझिनखाली (ओतल्यावर घट्ट होणारा काचेसारखा द्रव) ठेवावा; सगळीकडे रंगीत दिवे लावले, तर दुकान जादूचे न वाटता गणपतीच्या मंडपासारखे दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे. फडताळे मात्र थोडी वेडीवाकडी, गच्च भरलेलीच शोभतात.