वाचकांचे प्रश्न: तीरकामठा, रानडुक्कर आणि पंधरा यार्ड

अमेरिकेत गेलेली मुलं-भाचे गावाकडच्या माणसांना तिकडे बोलावतात आणि सोबत आमिष दाखवतात: वाटाड्याबरोबर जाऊन साध्या धनुष्यानं रानडुकराची शिकार. या वेळची बरीच पत्रं त्याच विषयावरची आहेत. पहिली सहा उत्तरं फक्त तिकडच्या शिकारीबद्दल आहेत. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, तो शेवटच्या उत्तरात.

प्रश्न: भाचा ह्यूस्टनला असतो. तो म्हणतो, टेक्सासमध्ये डुकराला परवानाच लागत नाही, आणि त्याच सहलीत हावेलीनाही मारता येईल. खरं का? (अमळनेर)

उत्तर: अर्धं खरं. टेक्सासमधली रानडुकरं म्हणजे युरोपातून आणलेल्या पाळीव डुकरांची रानावर सुटलेली प्रजा, काही ठिकाणी त्यात युरोपातल्या रानडुकराचं रक्तही मिसळलेलं. शेतीचं नुकसान करणारा बाहेरचा प्राणी म्हणून त्यांना संरक्षण नाही. सप्टेंबर 2019 पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, डुकराची शिकार करायला परवाना लागत नाही. रात्रीही चालते, मका टाकून बोलावलेलंही चालतं. सरकारी जमिनीवर मात्र परवाना लागतोच.

हावेलीना डुकरासारखा दिसतो, पण त्याचं कुळ वेगळं, पेक्करीचं. मागच्या पायाला तीन बोटं, सुळे सरळ, शेपूट जवळजवळ नाहीच, पाठीवर मागच्या बाजूला उग्र वासाची ग्रंथी. वजन पंधरा ते सत्तावीस किलो. तो तिथला मूळचा प्राणी आहे आणि कायद्यानं शिकारीचा प्राणी मानला जातो, म्हणजे परवाना, हंगाम आणि मर्यादा तिन्ही आल्या. परवान्याच्या एका वर्षात दोन, आणि वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. दक्षिणेकडच्या बऱ्याच काउंट्यांत (तिथल्या जिल्ह्यांत) हंगाम वर्षभर असतो, इतर खुल्या काउंट्यांत 1 ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. परराज्यातल्या आणि परदेशी माणसासाठी सलग पाच दिवसांचा खास परवाना मिळतो. तो 48 डॉलरचा आहे आणि हावेलीनाला चालतो. निघण्याआधी दर एकदा तपासा. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. वेळ नसेल तर एकदाच मिळणारी मुदतवाढ विकत घेता येते, मात्र तेव्हा परवानाधारक जाणता माणूस सोबत हवा.

घोळ नेमका संध्याकाळी होतो. फीडरवर, म्हणजे आमिषाचा मका सांडणाऱ्या पेटीवर, अंधारात काळं काहीतरी येतं, ते डुकराचं पिल्लू समजून बाण सुटतो आणि निघतो हावेलीना. तिथे तो गुन्हा आहे. बोटं मोजता येत नसतील, सुळे दिसत नसतील, तर दोरी ओढायचीच नाही.

प्रश्न: आम्ही धडगावकडचे पावरा. घरचा बांबूचा कामठा आणि तीर घेऊन गेलो तर चालेल का? (नंदुरबार)

उत्तर: कामठा चालेल, तीर नाही. धनुष्य बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे बंदुकीच्या आयातीचे कागद लागत नाहीत. ते विमानात चेक-इनच्या सामानात, कडक पेटीत. बांबू वाळलेला, कीड नसलेला, माती झटकलेला असावा आणि उतरल्यावर तो जाहीर करावा.

तिरांची अडचण पिसांची. आपल्याकडे बऱ्याच तिरांना मोराचं पीस असतं आणि मोराची पिसं भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे. गिधाड-घारीच्या पिसांवरही वन्यजीव संरक्षणाचे कायदे आडवे येतात. तीर तिथेच घ्या, टर्कीच्या पिसांचे.

दोरीचंही बघा. बांबूच्या सालीची दोरी सातपुड्यातल्या दमट हवेत ठीक, पश्चिम टेक्सासच्या कोरड्या हवेत ती चिरते. डॅक्रॉनची दोरी बसवून घ्या, तीही निघण्याआधी महिनाभर, म्हणजे तिचा ताण बसेल. शिवाय कामठ्याची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, किती आहे ते काट्यानं मोजा. ससा-तितराला चालणारी ओढ डुकराच्या खांद्याला पुरत नाही.

प्रश्न: धनुष्य किती पाउंडाचं, बाण किती वजनाचा, पातं कोणतं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (चोपडा)

उत्तर: सांगणारे वेगवेगळे धनुष्य वापरतात म्हणून. कप्पी असलेलं कंपाउंड धनुष्य बाजूला ठेवू. साधं लांब धनुष्य (लाँगबो) किंवा टोकं पुढे वळलेलं (रिकर्व्ह) असेल तर डुकरासाठी तुमच्या स्वतःच्या ओढीच्या लांबीवर 45 ते 50 पाउंड धरा. धनुष्यावर लिहिलेला आकडा 28 इंचांवरचा असतो. तुम्ही 26 इंचच ओढत असाल तर 50 चं धनुष्य तुमच्या हातात 45 च्या आसपास पडतं. हावेलीनाला 40 पुरतात. ॲरिझोनात कायद्यानंच किमान 30 पाउंड ओढ आणि किमान 7/8 इंच रुंदीचं धातूचं पातं लागतं.

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. ओढीच्या दर पाउंडाला निदान दहा ग्रेन हा जुना हिशेब चांगला आहे. म्हणजे 50 पाउंडाला 500, डुकरासाठी 550 ते 600. हलका बाण झपकन जातो पण हाडाला लागला की थांबतो. जड बाण सावकाश जातो आणि आरपार निघतो. वजन पुढच्या टोकाला जास्त असू द्या.

पातं दोन धारांचं, न उघडणारं, एकसंध पोलादाचं. उघडणारी पाती कंपाउंडच्या जोरासाठी केलेली असतात. साध्या धनुष्याची बरीच ताकद ती उघडण्यातच खर्च होते. धार घरी लावायला शिका: आधी बारीक कानस, मग दगड, शेवटी चामड्याचा पट्टा. हातावरचे केस निघाले पाहिजेत. भात्यातून ये-जा करताना धार मरते, म्हणून रोज सकाळी दोन हात मारायचे.

बाण धनुष्याला जुळतो की नाही हे पीस नसलेल्या बाणानं कळतं. दहा यार्डांवरून तीन बाण पिसांचे, दोन बिनपिसांचे मारा. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसाचा बाण डावीकडे लागत असेल तर बाण ताठ आहे: टोकाचं वजन वाढवा. उजवीकडे लागत असेल तर लवचिक आहे: टोक हलकं करा किंवा बाण थोडा कापा. हे न करता पातं लावलं की बाण वाकडा उडतो आणि दोष नेमाला दिला जातो.

सराव पोत्यावर करा. जुने कपडे गच्च कोंबलेलं बारदान, मागे मातीचा बांध, आणि बाणाला साधं टोक. धारदार पात्यानं पोतं दोन दिवसांत फाटतं. आणि मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात गाडीच्या आत धनुष्याचे थर चिकटवलेला गोंद मऊ पडतो आणि थर सुटतात. दोरी चढवलेली असताना सुटले तर तोंडावर येतात.

प्रश्न: किती अंतरावरून मारायचं आणि कुठे? (जळगाव)

उत्तर: पंधरा यार्ड. फार तर अठरा. पंधरा यार्ड म्हणजे 45 फूट: 5 बाय 5 फुटांवर लावलेल्या केळीच्या नऊ ओळी. घरी पोत्यावर पंचवीस यार्डांवरून लागतो म्हणून रानात मारायचा नाही. साध्या धनुष्याचा बाण कंपाउंडपेक्षा बराच हळू जातो, दोरीचा आवाज त्याच्या आधी पोहोचतो आणि जनावर तेवढ्यात खाली दबतं किंवा वळतं.

डुकराची काळीज-फुप्फुसं लोकांना वाटतात त्यापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणाला मारतात तसं पुढच्या पायाच्या मागे वीतभर अंतरावर मारलं तर बाण पोटात जातो. नेम पुढच्या पायाच्या रेषेला लागून, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर चामडीखाली कडक कूर्चेचं जाड कवच असतं. समोरून किंवा सरळ खांद्यावर मारलेला बाण तिथेच अडकतो. म्हणून जनावर तुमच्याकडे पाठ करून तिरकं उभं राहीपर्यंत थांबा. जवळचा पुढचा पाय एक पाऊल पुढे गेला की फासळ्या उघड्या पडतात. त्या क्षणी, पलीकडच्या खांद्याकडे रोख ठेवून.

हावेलीनाचा गोंधळ वेगळा. घाबरला की मानेपासून पाठीपर्यंतचे केस उभे राहतात आणि तो दीडपट दिसतो. नेम दिसणाऱ्या आकाराच्या मधोमध धरला की बाण केसांतून पाठीवरून निघून जातो. खालच्या रेषेवरून वर मोजा. त्याची नजर कमजोर, नाक तेज. वारा तोंडावर ठेवून, कळप नागफणीच्या झुडपात खात असताना, हळूहळू जाता येतं.

बाण लागल्यावर निदान अर्धा तास जागचं हलू नका. आधी बाण शोधा आणि वाचा. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस: जनावर जवळच पडलेलं सापडतं. काळपट लाल म्हणजे यकृत: आणखी तासभर थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर आतडी: चार-सहा तास. टेक्सासच्या उकाड्यात तेवढ्या वेळात मांस खराब होऊ शकतं, तरी लगेच मागे लागलात तर जनावर उठून दाट झाडोऱ्यात जातं आणि कायमचं हरवतं. डुकराच्या चरबीनं जखमेचं तोंड बुजतं, म्हणून रक्त कमी सांडतं. दोन भोकं, त्यातलं एक खाली, असेल तरच माग लागतो. आरपार जाणाऱ्या जड बाणाचा आग्रह त्यासाठीच. जखमी नराच्या मागे दाट झुडपात गुडघ्यांवर रांगत जायचं नाही, वाटाड्या पुढे राहील.

प्रश्न: वाटाड्या निवडताना काय विचारावं? (धुळे)

उत्तर: साध्या धनुष्यासाठी लावलेल्या मचाणापासून फीडर किती यार्डांवर? उत्तर पंचवीस-तीस आलं तर ती जागा कंपाउंडसाठी केलेली आहे. जमीन मोकळी की उंच कुंपणात? जखमी होऊन हरवलेलं जनावर पैशांत धरता का? बहुतेक ठिकाणी धरतात, आणि ते योग्यच आहे. माग काढायला कुत्रा आहे का? मांस कापून देण्याचे पैसे वेगळे का? बक्षिशीची तिथे रीत आहे, ती हिशेबात धरा. ॲरिझोनाला जायचं असेल तर आणखी एक: तिथे हावेलीनाचे परवाने बहुतेक सोडतीतून मिळतात आणि जानेवारीच्या धनुष्य-हंगामासाठी अर्ज आदल्या ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो. डिसेंबरात फोन करून उपयोग नसतो.

प्रश्न: मांस किंवा सुळे घरी आणता येतील? (भुसावळ)

उत्तर: नाही. दोन्हींचा विचार सोडा, कस्टममध्ये अडकाल. मांस तिथेच खा, पण हातमोजे घालून साफ करा. तिथल्या डुकरांत ब्रुसेला जंतू असतो, हातावरच्या चिरेतून तो माणसात येतो आणि महिनोन्महिने ताप देतो. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे. कच्चट गुलाबी नको. हावेलीनाची पाठीवरची ग्रंथी कापायला जाऊ नका, ती कातड्याबरोबर आपोआप निघते. ज्या हातानं कातडं धरलं त्या हातानं मांस धरलं की सगळं मांस त्या वासाचं होतं.

प्रश्न: माझ्या मक्यात आणि केळीच्या मृगबागेत रोज डुकरं शिरतात. मग मी इथेच धनुष्य का वापरू नये? (रावेर)

उत्तर: कारण इथे तो गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या 2022 मधल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्यातल्या शिकारीत फासा लावणं, आमिष टाकणं, हाकणं आणि नुसता प्रयत्नही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यावल अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर कैदच किमान तीन वर्षांची. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली अधिकार असलेला वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. तशी परवानगी मिळाली तरी मेलेलं जनावर सरकारचं, मांस तुमचं नाही. गावठी बॉम्ब आणि मेन लाइनची तार यांचं तर नावच नको. रात्री पाणी द्यायला जाणारा आपलाच माणूस त्यात सापडतो.

नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. सोबत सातबारा आणि फोटो. फोटोत उकरलेली माती, खुरांचे ठसे आणि पिकाची ओळ एकत्र दिसू द्या. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका.

टिकाऊ उपाय सौर झटका कुंपणाचा आहे, आणि ते डुकरासाठी वेगळं लावावं लागतं. रोह्यासाठी (नीलगायीसाठी) लावलेल्या उंच तारांखालून डुक्कर सरळ निघून जातं. सर्वांत खालची तार जमिनीपासून आठ ते दहा इंचांवर, दुसरी सोळा-अठरा इंचांवर हवी. खालच्या तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि डुकराला काहीच लागत नाही, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला तारेखाली विळा फिरवावा लागतो. उन्हाळ्यात उलटी अडचण: अर्थिंगच्या गजाभोवतीची माती वाळली की झटका कमी होतो. तिथे रोज बादलीभर पाणी ओता.